एथ्निसिटी म्हणजे नेमकं काय, आणि ती बदलते का?

उंबरठा

जनगणनेच्या धाग्यावर दोन पानं याच मुद्द्यावर खर्ची पडली, म्हणून हा वेगळा धागा. तिथे एक बाजू म्हणत होती की एथ्निसिटी जन्मानं मिळते, ती बदलण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी म्हणत होती की ती निव्वळ मानण्याची गोष्ट आहे, उद्या वाटलं तर दुसरी मानू. माझ्या मते दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

आधी व्याख्या. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरची मांडणी शंभर वर्षांनंतरही कामाला येते: आपण सगळे एकाच मुळातून आलो असा ज्यांचा विश्वास असतो, तो वांशिक समूह. रक्ताचं नातं प्रत्यक्षात असो वा नसो. त्या विश्वासाला आधार म्हणून दिसण्यातलं साम्य चालतं, चालीरीती चालतात, स्थलांतराची किंवा परक्या राजवटीची सामायिक आठवणही चालते. नागरिकत्व हे सरकार देतं, ते वेगळं. पूर्वज कोण होते ही घडून गेलेली गोष्ट, तीही वेगळी. रेस ही बहुतेक वेळा बाहेरच्यांनी शरीराकडे बघून मारलेली चिठ्ठी. भाषा आणि धर्म कधी एथ्निसिटीचा कणा असतात, कधी नसतातच. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक यांची बोली जवळजवळ एक, फरक धर्माचा. बेल्जियममधले फ्लेमिश आणि वालून दोघंही परंपरेनं कॅथलिक, फरक भाषेचा. त्यामुळे 'अमुक असेल तरच एथ्निसिटी' अशी यादी करायला गेलं की पहिल्या चार उदाहरणांतच फसते.

आता बदल. एक, माणूस स्वतःच्या हयातीत एका समूहातून दुसऱ्यात जातो. दोन, माणूस तिथेच राहतो पण घराणं दोन-तीन पिढ्यांत सरकतं. तीन, माणसं हलतच नाहीत, कप्पाच बदलतो: नवं नाव येतं, दोन कप्प्यांचा एक होतो, एकाचे दोन होतात. या तिन्हींचा वेग वेगळा आणि कारणंही वेगळी. 'बदलते का' म्हणताना यातलं कुठलं, ते सांगून लिहावं ही विनंती.

वेशीपलीकडे

पहिल्या प्रकाराचं अभ्यासकांचं आवडतं उदाहरण सुदानमधल्या दार्फूरचं आहे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थनं १९६९ मध्ये संपादित केलेल्या निबंधसंग्रहात गुन्नर होलान यांनी ते मांडलं. जेबेल मर्रा डोंगराच्या आसपासचे फूर लोक शेतकरी, शेजारचे बग्गारा अरबी बोलणारे गुरंपाळ. फूर शेतकऱ्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहिले तर ते शेतीत गुंतवायला फारसा वाव नव्हता. गुरं घेणं हा सगळ्यात फायद्याचा मार्ग. पण कळप एका मर्यादेपलीकडे वाढला की तो गावात राहून पोसता येत नाही, ऋतूप्रमाणे चराईला न्यावाच लागतो. मग कुटुंब बग्गारांच्या वाटेनं फिरू लागतं, त्यांच्या तळावर राहतं, मुलं अरबी बोलत वाढतात, आणि त्या कुटुंबाला बग्गारा म्हणूनच वागवलं जातं. फूर आणि बग्गारा यांच्यातली सीमा मात्र जिथल्या तिथे. माणसं ओलांडून गेली, वेस राहिली.

बार्थचा मुद्दा इतकाच की समूहाच्या आत कोणती संस्कृती भरली आहे यापेक्षा 'आपण' आणि 'ते' यांच्यातली वेस कशी राखली जाते ते बघा. आतला माल पिढ्यांगणिक बदलतो. वेस टिकली तर समूह टिकतो.

मुळाक्षर

दार्फूरचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यावरून 'मनाला येईल तेव्हा बदला' असा निष्कर्ष काढला जातो तो चूक. त्या फूर कुटुंबाला कळप जमवावा लागला, राहणी बदलावी लागली, भाषा बदलावी लागली, आणि समोरच्यांनी घ्यावं लागलं. यातली एक पायरी गळली तरी बदल अडतो.

राज्यशास्त्रज्ञ कांचन चंद्रा यांची मांडणी मला जास्त पटते. प्रत्येकाकडे जन्मानं आलेल्या गुणांचा एक मर्यादित संच असतो: त्वचेचा रंग, आईवडिलांचं मूळ गाव, मातृभाषा, आडनाव, धर्म. या संचातल्या वेगवेगळ्या जुळणीतून तो वेगवेगळ्या वर्गांत बसू शकतो. कुठली जुळणी पुढे करायची हे परिस्थितीनुसार झटपट बदलता येतं. संच स्वतः मात्र सावकाश बदलतो. भाषा घालवायला एक पिढी पुरते, आडनाव एका अर्जावर बदलतं, त्वचेचा रंग अर्ज करून बदलत नाही. म्हणजे बदल होतो, पण हातात जे आहे त्याच्या कुंपणात. कोणाचं कुंपण मोठं, कोणाचं अगदी लहान. अमेरिकेत आयरिश पणजी आणि जर्मन पणजोबा असलेल्या माणसाला कधी आयरिश, कधी जर्मन, कधी काहीच नाही असं म्हणता येतं, त्याला कोणी हटकत नाही. काळ्या माणसाच्या पूर्वजांतही एखादा आयरिश असतो, पण त्यानं 'मी आयरिश' म्हटलं की समोरचा हसतो. स्वेच्छा सगळ्यांना सारखी मिळालेली नाही, आणि माझ्या मते या विषयातली निम्मी भांडणं इथूनच निघतात.

कलम_तीन

समोरच्यांनी घ्यावं लागतं, या मुद्द्यावर कायद्याचं बोलतो. ब्रिटनच्या १९७६ च्या रेस रिलेशन्स ॲक्टमध्ये 'एथ्निक ओरिजिन्स' असे शब्द होते, व्याख्या नव्हती. पगडीमुळे एका शीख मुलाला शाळेनं प्रवेश नाकारला, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं. मांडला विरुद्ध डॉवेल-ली, १९८३. शीख हा फक्त धार्मिक समूह असता तर त्या कायद्याचं संरक्षण मिळालं नसतं, त्यामुळे शीख हा वांशिक समूह आहे का, हेच ठरवायचं होतं.

न्यायाधीश लॉर्ड फ्रेझर यांनी दोन अटी अत्यावश्यक मानल्या: समूहाला दीर्घ सामायिक इतिहास हवा, ज्याच्या आठवणीमुळे तो स्वतःला वेगळा मानतो, आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा हवी. त्याखाली पाच पूरक खुणा, सगळ्या असायलाच हव्यात असं नाही: समान भौगोलिक उगम किंवा थोड्याच समान पूर्वजांपासून वंश, समान भाषा, समान साहित्य, शेजाऱ्यांपेक्षा वेगळा समान धर्म, आणि मोठ्या समाजात अल्पसंख्य, दबलेला किंवा वरचढ समूह असणं.

इथल्या चर्चेसाठी निकालातलं पुढचं वाक्य महत्त्वाचं. धर्मांतरानं किंवा लग्नानं आलेला माणूसही त्या समूहाचा धरला जातो, मात्र त्याला स्वतःला तसं वाटलं पाहिजे आणि समूहातल्या इतरांनी त्याला आपला मानलं पाहिजे. दोन्ही. म्हणजे माणूस बदलू शकतो हे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं चाळीस वर्षांपूर्वीच मान्य केलं.

'दीर्घ' म्हणजे किती याचं उत्तर १९९३ मध्ये आलं. जमैकातून आलेल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांना अपील न्यायालयानं वांशिक समूह मानलं नाही, सुमारे ६० वर्षांचा इतिहास पुरेसा नाही म्हणून. त्याआधी जिप्सींना मात्र मानलं होतं. निकषाची गंमत अशी की समूह काही न करता नुसता टिकून राहिला तरी एक दिवस त्यात बसू शकतो.

गणकयंत्र

आकड्यांत हे कसं दिसतं ते सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. एखाद्या समूहाची लोकसंख्या दोन जनगणनांमध्ये बदलली तर कारणं पाच: जन्म, मृत्यू, आलेले, गेलेले, आणि उत्तर बदललेले. पहिली चार वजा केल्याशिवाय पाचवं दिसत नाही. आणि पाचव्यातही दोन भाग आहेत: माणसाचं मत बदललं, की फॉर्म बदलला.

फॉर्मचं उदाहरण कॅनडा. तिथे वांशिक मूळ विचारतात आणि उत्तर लिहायची जागा देतात. १९९१ मध्ये 'कॅनेडियन' असं मूळ लिहिणारे जेमतेम ४ टक्के. १९९६ मध्ये हा शब्द प्रश्नाखालच्या नमुना उत्तरांत छापला, आणि आकडा ३१ टक्क्यांवर गेला. २००१ मध्ये तो ३९ पर्यंत चढला, २०१६ मध्ये ३२ च्या आसपास होता. २०२१ मध्ये फॉर्मवरची नमुना उत्तरं काढून बाहेरच्या लांबलचक यादीचा दुवा दिला, तर 'कॅनेडियन' १५.६ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांत देशाच्या सहाव्या हिश्शाचं मूळ बदललं असं कोणी म्हणणार नाही. नमुना उत्तर हे सुचवणं असतं. ज्यांचं आतलं उत्तर पक्कं नसतं ते ते उचलतात.

न्यूझीलंडचं जास्त बोलकं आहे. २००६ च्या जनगणनेआधी 'न्यूझीलंडर असं लिहा' असा आग्रह ईमेलवरून आणि माध्यमांतून फिरला. ११ टक्के लोकांनी तसं लिहिलं. पूर्वी हे उत्तर 'न्यूझीलंड युरोपियन'मध्ये मोजत, त्या वेळेपासून ते 'इतर' गटात टाकायचं ठरलं होतं. परिणाम असा की युरोपियन २००१ मध्ये ८० टक्के, २००६ मध्ये ६८, आणि २०१३ मध्ये पुन्हा ७४. मधल्या काळात लाखो युरोपियन गेले आणि परत आले असं नाही. २०१३ ला मोहीम नव्हती, न्यूझीलंडर लिहिणारे दीड टक्क्याच्या आसपास उरले.

तिसरं अमेरिका, २०२०. एकाहून जास्त रेस सांगणारे २०१० मध्ये ९० लाख होते, ते ३ कोटी ३८ लाख झाले. बातम्यांत याचं वर्णन देश मिश्र होत चालल्याचं आलं. थोडं खरं आहे. पण २०१० ला हातानं लिहिलेल्या उत्तरातली पहिली ३० अक्षरं वाचून जास्तीत जास्त दोन कोड (वर्गांचे आकडे) देत, २०२० ला २०० अक्षरं वाचून सहा कोड. शिवाय गोऱ्या आणि काळ्या वर्गांसमोर मूळ लिहायला पहिल्यांदाच रिकामी ओळ दिली. त्याच माणसानं तेच लिहिलं तरी यंत्र दुसऱ्या कप्प्यात टाकणार.

खरा, माणसांच्या पातळीवरचा बदल बघायचा तर तीच माणसं दोन जनगणनांत जोडून बघावी लागतात. अमेरिकेच्या २००० आणि २०१० च्या नोंदी अशा जोडल्या आहेत, १६ कोटींहून जास्त लोकांच्या. सुमारे ६ टक्क्यांचं रेस किंवा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) असल्याचं उत्तर बदललेलं निघालं. हिस्पॅनिक नसलेले आणि एकच रेस सांगणारे गोरे, काळे, आशियाई बहुतांशी स्थिर. अमेरिकन इंडियन (तिथले मूळनिवासी), पॅसिफिक बेटांवरचे आणि मिश्र सांगणारे यांच्यात मोठी ये-जा. आणि ती दोन्ही दिशांनी. एकूण आकडा फारसा हलत नाही म्हणून आत काही हललं नाही असं समजू नये.

रकाना_पाचवा

गणकयंत्र यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा. पण सगळा दोष फॉर्मला देऊ नका. माँटेनेग्रो बघा, तेव्हा सर्बियाशी जोडलेलं. १९९१ मध्ये ६२ टक्के लोक माँटेनेग्रिन, ९ टक्के सर्ब. २००३ मध्ये ४३ आणि ३२. निर्वासित आले होते, पण एवढ्या फरकाला ते पुरत नाहीत. घरात बोलायची भाषा तीच, बहुतेकांचं चर्चही तेच. मधल्या काळात सर्बियाशी संघ ठेवायचा की वेगळं व्हायचं हा वाद पेटला, आणि 'मी कोण' हे उत्तर 'माझं मत कोणाला' या उत्तराला चिकटलं. पूर्वी दोन्ही ओळखी एकात एक मावत होत्या, एकच खूण करायची असल्यामुळे निवडावं लागलं. वेगळं व्हायचा कौल २००६ मध्ये ५५.५ टक्क्यांनी लागला.

उंबरठा यांचा तिसरा प्रकार, कप्पाच बदलणं, पाहायला युगोस्लाव्हियासारखी जागा नाही. बोस्नियातल्या स्लाव्ह मुसलमानांना १९४८ मध्ये 'अघोषित मुस्लिम', १९५३ मध्ये 'अघोषित युगोस्लाव्ह', १९६१ मध्ये 'वांशिक अर्थानं मुस्लिम', १९७१ मध्ये 'राष्ट्रीयत्वाच्या अर्थानं मुस्लिम', आणि १९९३ पासून 'बोस्नियाक'. माणूस ऐंशीचा होऊन मेला असेल तर तो एकाच घरात राहून पाच नावांखाली मोजला गेला. त्याच देशात 'युगोस्लाव्ह' लिहिणारे १९७१ मध्ये २ लाख ७३ हजार होते, ते १९८१ मध्ये १२ लाखांवर गेले. देश फुटल्यावर त्या ओळखीला ना शाळा उरली ना पक्ष.

आणि माझ्या आयडीबद्दल कोणी विचारायच्या आत: सोव्हिएत अंतर्गत पासपोर्ट १९३२ अखेरीस सुरू झाले, त्यात राष्ट्रीयत्वाची नोंद असे, लोकांच्या तोंडी 'पाचवा रकाना'. आधी माणूस सांगेल ते लिहीत. १९३८ पासून आईवडिलांच्या कागदांवरून. आईवडील वेगवेगळे असतील तर सोळाव्या वर्षी दोघांपैकी एकाचं निवडायचं, तिसरं काही नाही, दोन्ही नाही. रशियानं १९९७ च्या नव्या पासपोर्टातून तो रकाना काढला.

चीनचा नियम आजही याच जातीचा. ५६ मान्य समूह, शेवटचा जीनो १९७९ मध्ये मान्य झाला. मुलाची नोंद आईची किंवा वडिलांची. २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अठराच्या आत पालकांच्या अर्जावर एकदा बदलता येते, अठरा झाल्यावर दोन वर्षांत स्वतःच्या अर्जावर एकदा. त्यानंतर दार बंद. मांचू १९८२ मध्ये ४३ लाख आणि १९९० मध्ये ९८ लाख, ही वाढ पाळण्यांतून आलेली नाही. पूर्वी मांचू असणं अडचणीचं होतं म्हणून हान (तिथला बहुसंख्य समूह) लिहिलेली कुटुंबं परत नोंदली गेली, आणि तोवर अल्पसंख्यांना एका मुलाच्या नियमात सूट व प्रवेश परीक्षेत जादा गुण मिळू लागले होते. दोन्ही कारणं खरी. यातलं एकच सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो.

काजवा

रुआंडाचं कोणी लिहिलं नाही अजून? तिथल्या हुतू समूहातल्या माणसाकडे दहा गायी झाल्या की तो तुत्सी समूहातला होई, वसाहतकाळात बेल्जियमनं ओळखपत्रं काढली आणि ते थांबलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

वेशीपलीकडे

काजवा, अर्धं बरोबर आहे. ये-जा होती: गुरं आणि मान मिळवून 'हुतूपण टाकणं' यासाठी तिथल्या भाषेत 'क्वीहुतुरा' असा शब्दच आहे. पण तो सावकाश, लग्नसंबंधांतून, बहुधा पिढ्या घेऊन होणारा बदल. दहा गायींचा सरसकट नियम ही इतिहासकारांना न पटणारी सोपी गोष्ट आहे. १९३३-३४ च्या सुमारास बेल्जियन प्रशासनानं मोजणी करून ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा असं छापलं. पुढे ते वडिलांकडून मुलाला जाऊ लागलं. म्हणजे जे नातं, संपत्ती आणि आश्रय यांवरून ठरत होतं ते कार्डावरून ठरू लागलं. १९९४ मध्ये रस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच कार्डं तपासून माणसं मारली गेली. नरसंहारानंतर ती नोंद काढून टाकली.

कागद आला की बदल थांबतोच असं मात्र नाही. चीनमध्ये कागदानंच बदलाला वाट दिली. प्रश्न असा की कागद दुरुस्त करायचा अधिकार कोणाकडे, आणि कार्ड कोण तपासतंय.

याला जोडून एक. समूह वेगळे असले म्हणजे त्यांच्यात तणाव असणारच असंही नाही. चेवा आणि तुंबुका हे दोन समूह मलावी आणि झांबिया दोन्हीकडे आहेत, मधली सीमा वसाहतकाळात कारभाराच्या सोयीसाठी आखलेली. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत विचारणा केली. मलावीत परस्परांबद्दल दुरावा, लग्नालाही नाखुशी. झांबियात तेच समूह एकमेकांना जवळचे मानतात. त्यांचं स्पष्टीकरण असं: मलावीत दोन्ही समूह इतके मोठे आहेत की निवडणुकीत स्वतंत्र गठ्ठा म्हणून कामाला येतात. झांबियात दोन्ही लहान, म्हणून तिथे ते 'पूर्वेकडचे' म्हणून एकत्र मोजले जातात. बोली, नाच, विधी यांतला फरक दोन्हीकडे तितकाच.

जोडी_तेवीस

डीएनए चाचणीवाल्यांबद्दल लिहायला आलो. थुंकी पाठवली की 'तुमची एथ्निसिटी ३२ टक्के अमुक' असा अहवाल येतो, आणि वर्षभरात तोच आकडा १९ होतो. लोकांना वाटतं कंपनीनं फसवलं. काय होतं ते सांगतो.

कंपनीकडे संदर्भ संच असतात: ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच भागातले आहेत अशा आजच्या माणसांचे नमुने. तुमच्या डीएनएचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कुठल्या संचाशी जास्त जुळतो ते संगणक ठरवतो आणि टक्के काढतो. संचात नवे नमुने आले, एका प्रदेशाचे दोन केले, की तुमचा डीएनए तोच राहून टक्के बदलतात. ज्या भागाचे नमुने कमी तिथे चूक जास्त. शेजारच्या प्रदेशांत शतकानुशतकं लग्नं होत आली असतील तर तुकडा या संचाचा की त्या हे जवळपास नाणेफेकीवर. एक-दोन टक्क्यांचा 'शोध' बहुतेक वेळा गोंगाट समजावा.

दुसरं, सख्ख्या भावंडांचे टक्के वेगळे येतात, कारण प्रत्येकाला आईवडिलांच्या डीएनएचा निम्माच भाग मिळतो आणि तो वेगवेगळा निम्मा. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, पण त्यातल्या जवळपास निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्यात उरलेला नसतो. म्हणजे खराखुरा पूर्वज असूनही चाचणीत शून्य येऊ शकतो.

आणि मुख्य म्हणजे चाचणी भूगोल मोजते, समूह नाही. सर्ब आणि क्रोएट यांच्यातली वेस तिला फारशी दिसत नाही. वेबरचा 'विश्वास' थुंकीत नसतो.

मुळाक्षर

जोडी_तेवीस यांच्याशी सहमत, पण लोक अहवाल वाचून स्वतःची ओळख बदलतात, हाही बदलच झाला ना? अमेरिकेत अमेरिकन इंडियन असल्याचं सांगणारे २०१० ला ५२ लाख, २०२० ला ९७ लाख, मिश्र धरून. कोडिंगचा हात असेलच, पण तेवढ्यानं सगळा फरक निघतो असं नाही.

कलम_तीन

सांगणं आणि सदस्य असणं यात तिथे कायद्यानंच फरक आहे. संघराज्यानं मान्य केलेल्या जमातींत सदस्यत्वाचे नियम जमात स्वतः ठरवते. काही जमातींना ठरावीक प्रमाणात रक्ताचा पुरावा लागतो, चेरोकी नेशनला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डॉझ या सरकारी यादीत नोंदलेल्या पूर्वजापर्यंतची साखळी लागते, मग प्रमाण कितीही कमी चालतं. जनगणनेच्या फॉर्मवर मात्र खूण करायला कोणी अडवत नाही. डीएनए अहवाल दाखवून तिथे सदस्य होता येत नाही, चाचणी वापरलीच तर अमुक माणूस तमुकाचं मूल आहे एवढं सिद्ध करायला. ९७ लाख हा आकडा सदस्यांचा नाही.

शरीराकडे बघून चिठ्ठी मारणारेही डगमगतातच. नागरिकत्व मागणारे शीख स्थलांतरित भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ते कायद्याच्या अर्थानं गोरे नाहीत असा निकाल दिला. जनगणनेत १९२० ते १९४० 'हिंदू' ही रेस होती, शीख आणि मुसलमानांनाही त्यातच घालत. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, १९८० पासून 'एशियन इंडियन' हा वेगळा चौकोन. साठ वर्षांत तीन कप्पे.

उंबरठा

धागा हवा होता तसा चाललाय. आता व्यवहाराचं. एखाद्याला सर्वेक्षणात हा प्रश्न घालायचा असेल तर कसा घालावा? काय चुकतं?

गणकयंत्र

आधी स्वतःला विचारावं की नक्की काय हवंय. भेदभाव मोजायचा असेल तर लोक तुम्हाला काय समजतात हे विचारायला हवं, तुम्ही स्वतःला काय समजता हे नाही. भाषांतराची सोय करायची असेल तर घरची भाषा विचारा, एथ्निसिटी मधे आणूच नका. पूर्वज हवे असतील तर पूर्वजांचा प्रश्न वेगळा ठेवा. न्यूझीलंड माओरी (तिथले मूळनिवासी) वंशज आहात का आणि एथ्निसिटी कोणती हे दोन स्वतंत्र प्रश्न विचारतं, आणि दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत, वंशज जास्त निघतात. ती तफावत ही चूक नसून माहिती आहे.

उत्तर माणसानं स्वतः द्यावं, विचारणाऱ्यानं चेहऱ्यावरून भरू नये. कुटुंबप्रमुखानं सगळ्यांचं भरलं तर तरुण मुलांची उत्तरं हमखास बिघडतात. एकाहून जास्त खुणांना परवानगी द्या आणि 'लागू असतील त्या सगळ्या' असं ठळक लिहा. नुसती परवानगी देऊन न सांगितलं तर लोक एकच करतात. शेवटी लिहायला ओळ ठेवा. चौकोनांची संख्या पंधरा-वीसच्या पुढे गेली की कागदावर वरच्या चौकोनांना झुकतं माप मिळतं.

एकाहून जास्त खुणा आल्या की मोजायचं कसं हा पुढचा पेच. माणूस प्रत्येक गटात मोजला तर बेरीज १०० च्या वर जाते. ते चालतं, फक्त तक्त्याखाली लिहा. कोणाला एकाच गटात ढकलायचं ठरवलं, समजा लहान गटाला प्राधान्य देऊन, तर मोठा गट खोटा आकसतो. न्यूझीलंडच्या सांख्यिकी खात्यानं ही प्राधान्याची पद्धत २००५ च्या मानकात सोडली.

वर्ग बदलायचेच असतील तर एका नमुन्याला जुना आणि नवा दोन्ही प्रश्न विचारा, तरच जुनी मालिका नव्याला जोडता येते. ही पायरी पैसे वाचवायला गाळतात आणि मग दहा वर्षं 'वाढ की फॉर्म' हा वाद घालतात. अमेरिकेनं मार्च २०२४ मध्ये रेस आणि हिस्पॅनिक हे दोन प्रश्न एकत्र करून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा नवा वर्ग घातला. १९७७ च्या मूळ चौकटीत हे लोक गोऱ्यांत मोजले जात. 'इतर रेस' हा तिथे २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकाचा गट झाला होता. 'इतर' एवढा फुगला की प्रश्न लोकांना लागू पडत नाही हे ओळखावं.

अजून एक, सगळ्यात महागात पडणारी चूक. मृत्युदर काढताना वरचा आकडा मृत्यूच्या दाखल्यातून येतो आणि खालचा जनगणनेतून. जनगणनेत माणसानं स्वतः सांगितलेलं असतं. दाखल्यावर दुसऱ्याच कोणीतरी भरलेलं असतं, घरच्यांना विचारून किंवा न विचारताच. अमेरिकन इंडियन माणूस दाखल्यावर गोरा होतो, वरचा आकडा घटतो, आणि समूहाची तब्येत आहे त्यापेक्षा चांगली दिसते. दोन्ही नोंदी माणसागणिक जोडून दुरुस्तीचा गुणक काढावा लागतो.

काजवा

आणि एकाच माणसानं दोन वेळा वेगळं उत्तर दिलं तर कुठलं खरं धरायचं?

गणकयंत्र

दोन्ही ठेवायची, तारखेसकट. नवं उत्तर जुन्यावर चढवलं तर बदल झाला होता हेच पुसलं जातं. रुग्णालयाच्या नोंदींसारख्या ठिकाणी तुलनेला एकच मूल्य लागतं, तिथे स्वतः दिलेलं सगळ्यात अलीकडचं उत्तर घ्या. फक्त 'माहीत नाही' आणि 'सांगायचं नाही' यांना नवं उत्तर धरू नका, नाहीतर आधीची चांगली नोंद रिकामी होते.